रविवारी सकाळी दोन तास एक रस्ता द्या

कार्तिकी एकादशीला आमच्या जळगावात श्रीरामाचा रथ निघतो, १८७२ पासूनची परंपरा आहे, जुन्या जळगावातले सगळे रस्ते त्या दिवशी गाड्यांना बंद असतात. यंदा मी मुलीला घेऊन गेले होते, मनू दहा वर्षांची आहे. रथ अजून लांब होता, रथाच्या चाकांना मोगरी लावून तो थांबवणाऱ्या-वळवणाऱ्या मोगरीवाल्यांचे आवाज नुसते येत होते, आणि आम्ही दोघी सराफ बाजाराकडून चालत येत होतो. मध्येच तिच्या बुटाची लेस सुटली आणि ती तिथंच रस्त्याच्या मधोमध खाली बसली, आरामात दोन्ही बुटांच्या लेसा सोडून परत बांधत बसली, आणि मी ओरडले नाही. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की दहा वर्षांत पहिल्यांदा असं झालं असेल. एरवी ती रस्त्यावर माझ्या हाताबाहेर दोन पावलं गेली तरी माझा आवाज चढतो, साइडला ये, साइडला ये, मागून गाडी आहे. दिवसातून किती वेळा म्हणत असेन मी हे.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला तो बसलाच. जो रस्ता रथासाठी बंद होतो, गणपती विसर्जनाला बंद होतो, मंत्री आले की बंद होतो, तो आठवड्यातून एकदा दोन-तीन तास पोरांच्या सायकलींसाठी बंद का होऊ शकत नाही? कोणी म्हणेल काय खुळ आहे. पण जगात हे पन्नास वर्षांपासून चालू आहे आणि लाखो लोक करतात, त्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी माझं सांगते. माझं माहेर अमळनेरचं. चौथी-पाचवीत असताना सायकल शिकले, घरची नव्हती, भाड्याची, एक रुपया तास. दुकानदार वहीत वेळ लिहून ठेवायचा आणि पाच मिनिटं उशीर झाला तरी काही बोलायचा नाही. मोठ्या माणसांची काळी सायकल, सीटवर बसायचा प्रश्नच नव्हता, दांडीखालून पाय घालून कैची मारत मारत शिकलो आम्ही सगळ्या. कॉलेजच्या ग्राउंडपर्यंत जायचं आणि परत यायचं. आई दारातून एवढंच म्हणायची, "अंधार व्हवाना पहिले घर ये व माय." गाडीखाली येशील, ट्रकपासून जपून, असं काही ती म्हणाल्याचं मला आठवत नाही. गाड्याच किती होत्या हो तेव्हा गल्लीत, एक डॉक्टरांची, एक दोन राजदूत मोटरसायकली, बाकी सायकली नाहीतर बैलगाड्या. गुडघे फुटले, कोपर सोललं, पण ते पडून. धडकेनं नाही.

मनूला तिच्या आठव्या वाढदिवसाला सायकल घेतली, निळी, गिअरवाली. दोन वर्षात ती किती चालली असेल तर पार्किंगमध्ये गोल गोल. खाली बारा फ्लॅटच्या गाड्या लागतात, त्यांच्या मधून ती आठ आकडा काढत फिरते आणि कोणाच्या गाडीला हँडल घासलं की वरून आवाज येतो. मेहरूण तलावावर नेतो कधीकधी, छान वाटतं तिथं, पण तिथपर्यंत सायकल न्यायची तर कारच्या डिकीत टाकून न्यावी लागते. सायकल चालवायला कारमधून जायचं! म्हणजे ज्याच्याकडे कार नाही त्याच्या मुलानं काय करायचं? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीला शाळेतून सायकल मिळालेली आहे, ती सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातली, आठवी ते बारावीच्या मुलींना देतात ना खेड्यांमध्ये, ती रोज गावातून शाळेत सायकलवर जाते, वाऱ्यासारखी जाते. आणि आमची शहरातली, तिच्याकडे भारीची सायकल आहे पण रस्ता नाहीये.

जळगावकरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या शहराच्या पोटातूनच हायवे गेलेला आहे, जुना सहा नंबर, आताचा ५३. शाळा एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला अशी किती कुटुंबं आहेत. समांतर रस्त्यांसाठी किती वर्षं लोक रस्त्यावर उतरले, किती घरातली माणसं गेली त्या हायवेवर. आमच्या ओळखीतलं एक घर आहे, त्यांचा कॉलेजला जाणारा मुलगा सायकलवरच होता. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. पण त्यानंतर आमच्या कॉलनीत मोठ्या मुलांच्या सायकली हळूहळू बंद झाल्या आणि स्कुट्या आल्या हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, आईबापांना स्कुटी जास्त सेफ वाटायला लागली, निदान वेग तरी आहे म्हणे.

तर बोगोटा. कोलंबिया देशाची राजधानी. १५ डिसेंबर १९७४ ला तिथल्या काही सायकलप्रेमी लोकांनी परवानगी घेऊन मोठे रस्ते काही तासांसाठी गाड्यांना बंद केले आणि हजारो लोक सायकली घेऊन आले. त्याला ते सिक्लोविया म्हणतात. दोन वर्षांनी शहरानं त्याला अधिकृत केलं, नंतर मध्ये बरीच वर्षं ते रडतखडत चालू होतं, आणि १९९० च्या दशकात गिएर्मो पेन्यालोसा नावाच्या अधिकाऱ्यानं ते मनावर घेतलं आणि शंभर किलोमीटरच्या वर नेलं. आज दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २, तिथं १२० किलोमीटरपेक्षा जास्त रस्ता गाड्यांना बंद असतो. १२० किलोमीटर म्हणजे जळगावहून निघालात तर धुळं मागे टाकून पुढे जाल एवढं. आणि दहा लाखांच्या वर लोक बाहेर येतात, सायकलवर, स्केट्सवर, चालत, बाबागाडी ढकलत, कुत्र्याला घेऊन. चौकाचौकात एरोबिक्सचे स्टेज लागलेले असतात, फुकट, कोणीही यावं आणि मागे उभं राहून हातपाय हलवावेत.

मला जास्त इंटरेस्ट होता तो हे चालतं कसं यात. कारण आपल्याकडे कोणालाही सांगितलं की पहिला प्रश्न हाच, अख्खं शहर बंद करणार का? तर बंद करत नाहीत. आडव्या जाणाऱ्या रस्त्यांवरच्या गाड्या चालू असतात. प्रत्येक क्रॉसिंगला माणूस उभा, ठराविक वेळ सायकली थांबवतो, गाड्या पलीकडे सोडतो, मग गाड्या थांबवतो आणि सायकली सोडतो. आपल्या रेल्वे फाटकासारखं समजा. या कामाला पगारी माणसं आहेत आणि शाळेतली मोठी मुलंही आहेत, त्यांना तिकडे शाळा संपवायच्या आधी समाजसेवेचे तास भरावे लागतात ते ती इथं भरतात. रस्त्याच्या कडेला फळांचा रस, खाणं, पंक्चर काढणारे, सगळे आपापला धंदा लावून बसलेले.

आणि खर्चाचं म्हणाल तर २०१२ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, चार शहरांचा हिशोब मांडलेला, त्यात बोगोटाचा खर्च निघाला एका माणसामागे वर्षाला ६ डॉलर. वर्षाला! आणि खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे लोकांच्या दवाखान्याचे ३.२३ ते ४.२६ डॉलर वाचतात असं गणित त्यांनी काढलं. सॅन फ्रान्सिस्कोत हाच खर्च माणशी ७० डॉलरच्या वर होता. रस्ता आधीच बांधलेला आहे, त्याच्यावर नवीन काही बांधायचं नाही, फक्त दोन्ही टोकांना कोणीतरी उभं राहायचं. मला हे फार पटलं. आपल्याकडे एका गार्डनच्या नुसत्या कंपाउंडला किती पैसे जातात.

हॉलंडची गोष्ट तर अजून वेगळी. आज सगळे म्हणतात तिथं काय सायकलच सायकल. पण १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली तेव्हा तिथल्या सरकारनं ४ नोव्हेंबरपासून रविवारी गाड्या चालवायला बंदीच केली, आणि लोकांना हायवेवर सायकली घेऊन, मुलांना घेऊन फिरता आलं. त्याच काळात तिथं रस्त्यावर मरणाऱ्या मुलांसाठी आईबापांची आंदोलनं चालू होती. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. शांत रस्ता कसा असतो हे एकदा डोळ्यांनी बघितलेला माणूस मग तो मागायला लागतो असं मला वाटतं, न बघितलेल्याला काय मागायचं तेच कळत नाही.

आपल्या देशात गुडगावला १७ नोव्हेंबर २०१३ ला राहगिरी नावानं हे पहिल्यांदा सुरू झालं, मग दिल्ली, भोपाळ आणि बाकी शहरं. मुंबईत २०२२ च्या मार्चमध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते लोकांसाठी मोकळे ठेवले होते. पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रोड चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात, २०२१ पासून. चांगलंच आहे ते. पण आपल्याकडे याचं काय होतं माहितीये का, मोठा स्टेज, मोठा डीजे, टी-शर्ट, पाहुणे, भाषणं, सेल्फी पॉइंट, चार-सहा रविवार जोर आणि मग उत्साह ओसरतो. स्टेज लावला की खर्च वाढतो, खर्च वाढला की स्पॉन्सर लागतो, स्पॉन्सर गेला की रस्ता परत गाड्यांचा. म्हणून मी जे मागतेय ते अगदी साधं आहे, एकच रस्ता, एकच वेळ, दर रविवारी, न चुकता. डीजे नको. पाहुणे नकोत. एकदाच करून फोटो काढायचे असतील तर नका करू, खरंच नका करू, कारण मग लोक म्हणतात झालं ना एकदा.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणतेय तर आम्ही छोट्या प्रमाणावर करून बघितलं म्हणून.

आमच्या महाबळच्या बाजूला कॉलनीत एक आतला रस्ता आहे, मंदिरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, साधारण चारशे मीटर. डिसेंबरमध्ये आम्ही सात-आठ घरांनी ठरवलं की रविवारी सकाळी सात ते नऊ हा रस्ता बंद ठेवून बघू. आयडिया ब्रिस्टलवरून घेतली, इंग्लंडमधलं शहर, तिथं २००९ मध्ये दोन आयांनी आपली गल्ली मुलांच्या खेळण्यासाठी काही तास बंद करायला सुरुवात केली आणि मग देशभर पसरलं ते. त्यांची पद्धत अशी की गल्लीतल्या रहिवाशाची गाडी अडवायची नाही, पण गाडीच्या पुढे एकानं चालायचं आणि गाडीनं त्याच्या मागे चालण्याच्या वेगानं यायचं. एवढा एकच नियम. आम्ही तोच घेतला.

आमच्याकडे नाना आहेत, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, चोपड्याकडचे. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन निळे ड्रम पाणी भरून दोन्ही टोकांना लावले, मध्ये नायलॉनची दोरी, दोरीला जुन्या लाल साडीच्या पट्ट्या बांधल्या म्हणजे लांबून दिसावी. शिट्टी गळ्यात. मला म्हणाले, "ताई, गाडीवाल्याले मी पाहतो, तुम्ही पोरं सांभाळा." मी म्हटलं नाना, तुम्ही आयुष्यभर गाडी चालवली, तुम्हाला हे पटलं कसं? तर म्हणाले, सव्वीस वर्षं गावागावातून गाडी काढली, वळणावर पोरगं सायकल घेऊन आलं की पोटात गोळा यायचा, अजून झोपेत येतो. बस, पुढे काही बोलले नाहीत. मला वाटतं या विषयावर ड्रायव्हर लोकांना कोणी विचारतच नाही, आपण समजतो ते विरोधातच असणार.

पहिल्या रविवारी सात मुलं आली, सगळी आमचीच. अर्धा वेळ ती कडेकडेनंच चालवत होती. मनू तर गटारीला लागून चालली होती, रस्ता पूर्ण रिकामा असून. किती वेळा सांगितलं असेल आम्ही त्यांना साइडला रहा म्हणून, ते अंगातच गेलंय. अर्ध्या पाऊण तासानं एक मुलगा मध्ये आला आणि मग सगळी आली.

दुसऱ्या रविवारी भांडण झालं. एक जण कार घेऊन आला, आमच्या गल्लीतला नव्हता, त्याला शॉर्टकट पाहिजे होता, रस्ता काय तुमच्या नावावर आहे का वगैरे वगैरे. नानांनी दोरी सोडली आणि शांतपणे त्याच्या गाडीच्या पुढे चालायला लागले, चारशे मीटर, त्यांच्या त्या चालीनं. तो हॉर्न देत राहिला. मुलं बाजूला उभी राहून बघत होती, मला भीती वाटत होती की हा माणूस रेस करतो की काय. केली नाही त्यानं. तो आता मागच्या रस्त्यानं जातो आणि आमच्याकडे बघत नाही, ठीक आहे.

पण दूधवाल्या दादांचं ऐकून मला खरंच वाईट वाटलं. ते कॅन लावलेल्या मोटरसायकलवर साडेसहा ते साडेसातच्या मध्ये येतात. पहिल्या रविवारी ते बिचारे गाडी टोकाला लावून, कॅन हातात घेऊन घरोघरी चालत गेले, वीस मिनिटं जास्त लागली, आणि पुढच्या कॉलनीत बोलणी खाल्ली. आम्हाला काहीच म्हणाले नाहीत ते, हेच जास्त लागलं. रविवारची मजा आमची आणि वीस मिनिटं त्यांची, हे बरोबर नाही. म्हणून तिसऱ्या रविवारपासून आम्ही वेळ साडेसात केली आणि दूधवाला, पेपरवाला, कचऱ्याची गाडी हे सगळं आटोपल्याशिवाय दोरी लावायची नाही असं ठरवलं. कोणाला मोठ्या रस्त्यावर हे करायचं असेल तर पहिली मीटिंग या लोकांबरोबर घ्या, नगरसेवकांबरोबर नंतर.

तिसऱ्या रविवारी पलीकडच्या वस्तीतली मुलं आली. त्यांच्याकडे चौघांत एक सायकल, तीही ब्रेक नसलेली, पाय घासून थांबवायची. आमच्यातल्या एका घरातून थोडी कुरकुर आली, बाहेरची मुलं कशाला म्हणून. मी स्पष्ट सांगितलं की रस्ता सार्वजनिक आहे म्हणूनच आपण हे करू शकतोय, नाहीतर मग कंपाउंडच बांधा. नंतर मुलांनी आपापसात सायकली बदलून चालवायला सुरुवात केली आणि त्या मुलांनी मनूला हात सोडून चालवायला शिकवलं. हँडल सोडून! माझा जीव वर आला होता पण मी ओट्यावरून उठले नाही.

आणि सासूबाई. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, त्या घरातल्या घरात हॉलमध्ये चालतात, किचनच्या दारापासून गॅलरीपर्यंत. बाहेर का नाही जात म्हटलं तर एकच, मागून गाडी आली की मला वळता येत नाही गं लवकर. चौथ्या रविवारी त्या काठी घेऊन खाली आल्या आणि रस्त्याच्या बरोब्बर मधून, पांढऱ्या पट्ट्यावरून टाकीपर्यंत गेल्या. टाकीला हात लावला. परत येताना काकू त्यांच्याबरोबर होत्या, शेजारच्या, ज्या स्वतः वीस-बावीस वर्षांनी मुलाच्या सायकलवर बसल्या होत्या पंजाबी ड्रेस घालून. दोघी मंदिराच्या पायरीवर बसून लालबुंद चेहऱ्यानं पाणी पीत होत्या. म्हणजे सायकल सायकल आपण म्हणतो पण ज्यांना मागच्या हॉर्नला दचकायला होतं ते सगळेच यात आले, म्हातारी माणसं, नवीनच चालायला लागलेली बाळं, कमी ऐकू येणारे.

पाचव्या रविवारी भरीत केलं. थंडी होती, नाना आणि दोन-तीन जणांनी मंदिरामागे काड्या पेटवून वांगी भाजली, बडगीत ठेचून भरीत आणि कळण्याच्या भाकरी, केळीच्या पानावर. साठेक माणसं झाली असतील, कोणालाच निमंत्रण नव्हतं. त्यात आमचीच माणसं आम्हाला पहिल्यांदा भेटली, समोरच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब चार वर्षांपासून राहतंय आणि मला त्यांचं नावही माहिती नव्हतं.

मग सहाव्या रविवारच्या आधी तक्रार गेली आणि आम्हाला सांगण्यात आलं की परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर दोरी लावता येणार नाही. सांगणारा माणूस नीट बोलला आणि त्याचं म्हणणं बरोबरही होतं, आमची परवानगी नव्हतीच. आम्ही दोरी काढली. त्या रविवारी मुलं सायकली घेऊन खाली उतरली आणि थोडा वेळ पार्किंगमध्ये उभी राहून वर गेली.

त्यानंतर मी कायदा वाचायला घेतला. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ११५. त्यात सरळ लिहिलंय की लोकांची सुरक्षितता किंवा सोय यासाठी, किंवा रस्त्याचं स्वरूप बघून, राज्य सरकार किंवा सरकारनं अधिकार दिलेला अधिकारी एखाद्या भागात किंवा रस्त्यावर गाड्यांना बंदी किंवा निर्बंध घालू शकतो. एक महिन्यापर्यंतच असेल तर राजपत्रात छापायचीही गरज नाही, स्थानिक पातळीवर लोकांना माहिती दिली की झालं. यात्रा-मिरवणुकीला वाहतूक बदलाचे जे आदेश पेपरात येतात, अमुक मार्ग बंद, पर्यायी मार्ग तमुक, ते वाचा म्हणजे रस्ता बंद करायची सगळी पद्धत आपल्याकडे तयार आहे हे कळेल, बॅरिकेड्स आहेत, अनुभव आहे. रथाच्या दिवशी एवढी गर्दी सांभाळणाऱ्या गावाला रविवारच्या सकाळी एक रस्ता जड नाही जाणार.

आता लोक जे विचारतात ते. ॲम्ब्युलन्सचं काय? सायकली आणि माणसं शिट्टी वाजली की पाच सेकंदात बाजूला होतात, अडकलेली कार होत नाही, तेव्हा मोकळ्या रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स उलट लवकर जाईल, फक्त टोकाला दगड-विटांचं काही लावायचं नाही, हाताने सरकवता येईल असंच लावायचं. दुकानांचं काय? सकाळी सात ते नऊ आपल्याकडे कोणती दुकानं उघडी असतात, पोहे-चहाच्या गाड्या आणि डेअरी, त्यांचा धंदा वाढेलच. एखादा पंक्चरवाला बसवा, त्याचाही होईल.

खरा प्रश्न आपल्याकडे उन्हाचा आहे आणि तो कोणी विचारत नाही. बोगोटा २,६०० मीटर उंचीवर आहे, बारा महिने थंड, त्यांना दुपारी दोनपर्यंत जमतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो, नऊ वाजता डांबर तापायला लागतं. त्यामुळे खान्देशात करायचं तर टाइमटेबल आपलंच पाहिजे. होळीनंतर सकाळी साडेपाच ते साडेसात, मे महिन्यात पावणेसहाला उजाडलेलं असतंच, आणि दिवाळीनंतर साडेसात ते साडेनऊ. उन्हाळ्यात दूधवाले दादा मध्येच येणार, मोठ्या रस्त्यावर त्यांच्यासाठी एक बाजू दोरीनं सोडून ठेवता येईल. आणि रस्ता शक्यतो झाडांचा निवडायचा. आपल्याकडे झाडांचे रस्ते किती राहिलेत तो वेगळा विषय आहे, त्यावर बोलायला लागले तर थांबणार नाही मी.

माझ्या मनात काव्यरत्नावली चौकापासून महाबळकडे जाणारा रस्ता आहे. सकाळी आधीच तिथं शेकडो लोक फिरायला येतात, भाऊंचं उद्यान तिथंच आहे, लोकांना सवय आहे. धुळ्याची मैत्रीण म्हणते तिकडे पांझरेच्या काठचा रस्ता याच्यासाठीच बनलाय. नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव, सगळीकडे असा एक तरी रस्ता निघेल, ज्याला समांतर दुसरा रस्ता आहे आणि ज्याच्यावर रविवारी सकाळी फार काम नसतं. एवढ्या दोनच अटी बघायच्या.

आम्ही अर्ज दिलाय, ११२ सह्या आहेत त्यावर, त्यात सासूबाईंची आहे, दूधवाल्या दादांची आहे, आणि नानांनी आपल्या सहीपुढे "निवृत्त चालक" असं लिहिलंय. अजून उत्तर आलेलं नाही. मी दर सोमवारी लंच टाइममध्ये जाऊन विचारून येते. चार रविवारची मागणी केलीये, प्रत्येक वेळी दोन तास, म्हणजे एकूण आठ तास, ते बघून मग पुढचं ठरवा असं लिहिलंय. चौकात उभं राहायला आमचे चौदा जण तयार आहेत, त्यात तीन एसटीचे रिटायर ड्रायव्हर.

जळगावातलं कोणी वाचत असेल आणि सही करायची असेल तर रविवारी सकाळी सातला मी भाऊंच्या उद्यानाच्या गेटजवळ असते, मनू पण असते. सायकल असेल तर घेऊन या, हवा भरून.